'तुम्ही सर्व माझ्याकडे या' : यातले 'सर्व' म्हणजे नक्की कोण?

माळरान

नमस्कार मंडळी. 'मंडळी' हा शब्द चर्चमध्येही चालतो आणि तिथे त्याला वेगळंच वजन आहे, हे मला परवाच कळलं. त्याचीच ही गोष्ट.

नगर जिल्ह्यातल्या एका खेड्यात कामावरच्या मित्राकडे मुक्कामी होतो. रविवार होता. तो म्हणाला, "उपासनेला चल, नंतर जेवण आहे." गेलो. दगडी भिंती, वर पत्रा, चपला बाहेर, आत सतरंज्या. एका अंगाला बाया, दुसऱ्या अंगाला पुरुष. समोरच्या भिंतीवर निळ्या रंगात मोठ्या अक्षरांत लिहिलेलं : 'अहो कष्टी व भाराक्रांत जनहो, तुम्ही सर्व माझ्याकडे या म्हणजे मी तुम्हांला विसावा देईन.'

पाळकसाहेबांनी लूकच्या १४व्या अध्यायातला मेजवानीचा दाखला घेतला होता. एकाने जेवणावळ घातली, आमंत्रणं गेली, ताटं मांडून झाली आणि ऐन वेळी एकेकाची कारणं सुरू. एक म्हणे शेत घेतलंय, बघायला जायचंय. दुसरा म्हणे बैलांच्या पाच जोड्या घेतल्यात, त्या पारखायच्यात. तिसऱ्याचं नुकतंच लग्न झालेलं. बैलांपाशी सगळे खो खो हसले, कारण हे कारण गावात आजही चालतं. मालक चिडतो आणि नोकराला सांगतो, गल्लीबोळांतून गरीब, लंगडे, आंधळे, जो भेटेल त्याला घेऊन ये. तरी जागा उरते. मग म्हणतो, गावाबाहेरच्या वाटांवर जा, कुंपणांपाशी जा, आग्रह करकरून आण. माझं घर भरलं पाहिजे.

मी अगदी रंगून ऐकत होतो. दहा मिनिटांनी प्रभुभोजन, म्हणजे भाकर आणि द्राक्षारस घेण्याचा विधी, सुरू झालं आणि पाळकसाहेब शांतपणे म्हणाले, "ज्यांचा बाप्तिस्मा झाला आहे त्यांनीच पुढे यावं." सगळे उठले. मी आणि दोन-तीन लहान मुलं, एवढेच मागे बसून. मित्राची आजी भाकर घेऊन परतली ती बायकांत न जाता माझ्याजवळ येऊन टेकली. बोलली काही नाही.

त्यानंतर बाहेर मांडवात जेवण. तिथे कसला भेद नव्हता, आजीने मला दोनदा रस्सा वाढला.

राग आला नाही, खरंच. पण भिंतीवरचा 'सर्व' आणि पाळकांचा 'त्यांनीच' हे दोन शब्द डोक्यातून जात नाहीत. जाणकारांनी सांगावं.

शंकासुर

उत्तर सोपं आहे. आमंत्रण सर्वांना, प्रवेश सभासदांना. जिमखान्याची पाटी वाचली नाही का कधी?

जाईची_वेल

शंकासुर, एवढंही सोपं नाही. मी नगरचीच, घरातली चौथी ख्रिस्ती पिढी.

माळरान, आमच्याकडे प्रभुभोजन बहुधा महिन्याच्या पहिल्या रविवारी असतं. बाप्तिस्म्याची अट बहुतेक मंडळ्यांत (आमच्यात चर्चच्या समुदायाला 'मंडळी' म्हणतात) आहे आणि ती फार जुनी आहे. पाळक त्या वेळी करिंथकरांस पहिल्या पत्राचा ११वा अध्याय वाचतात : जो अयोग्य प्रकारे ही भाकर खाईल तो दोषी ठरेल, म्हणून प्रत्येकाने आत्मपरीक्षण करावं. लहानपणी हे ऐकून माझे हात थरथरायचे.

मोठी झाल्यावर तोच अध्याय चार ओळी आधीपासून वाचला. हे पत्र लिहिणारा प्रेषित पौल चिडलाय कशावर? करिंथमध्ये खाऊनपिऊन सुखी असलेले लोक लवकर येऊन आपलं आपलं जेवून घ्यायचे, आणि गोरगरीब येईपर्यंत काही उरायचं नाही. एक उपाशी, एक झिंगलेला. पौल विचारतो, तुम्हाला खायला-प्यायला घरं नाहीत का? ज्यांच्याकडे काही नाही त्यांना लाजवता का? आपल्या भाषेत याला नेमका शब्द आहे : पंक्तिप्रपंच. ज्या उताऱ्याचा आधार घेऊन तुम्हाला मागे बसवलं, तो उताराच मुळात पंक्तिप्रपंचावर ओढलेला कोरडा आहे.

आता घरातली गोष्ट. माझी पणजी मांगवाड्यातली, पणजोबा महारवाड्यातले. दोघंही बाप्तिस्मा झालेले, दोघंही एकाच मंडळीत. त्यांचं लग्न ठरलं तेव्हा विरोध गावाने केला नाही, मंडळीतल्याच जुन्या लोकांनी केला. एका प्याल्यातून द्राक्षारस घ्यायचा म्हटलं की काही जणांना नेमका त्याच रविवारी ताप यायचा म्हणे. पुढे एका प्याल्याऐवजी छोट्या छोट्या पेल्या आल्या. कारण स्वच्छतेचं होतं आणि ते खरंही आहे. पण पणजी म्हणायची, "जंतू बरे बाई, त्यांनी आमची सोय केली."

दोन_पैसे

+१. पणजीबाईंना दंडवत.

अवांतर : आमच्या नाथांनी श्राद्धाचं अन्न महारांना वाढलं होतं. हे सगळं आपल्याकडे आधीच होतं.

उंबरठा

@दोन_पैसे, होतं ना. आणि चोखोबांची समाधी महाद्वारापाशी, पायरीबाहेर आहे. तेही आपल्याकडेच.

केळीचं_पान

वसईहून हजेरी. आम्ही कॅथलिक, आमच्याकडे नियम आणखी कडक. बाप्तिस्मा झालेला प्रोटेस्टंटसुद्धा एरवी कम्युनियन घेऊ शकत नाही. जाईताई, तुम्ही आमच्या मिस्साला (उपासनेला) आलात तर तुम्हीही माळरानांच्या शेजारी बसणार. :)

आणि गंमत ऐका. 'मिस्सा' हा शब्दच लॅटिनमधल्या 'निरोप देणे' या अर्थाच्या शब्दावरून आलाय. पहिल्या शतकांत बाप्तिस्म्याची तयारी करणाऱ्यांना वचनं ऐकून झाल्यावर बाहेर पाठवत, मग आत भाकर मोडत. म्हणजे माळरान, तुम्हाला निदान आत तरी बसू दिलं. सोळाशे वर्षांपूर्वी दाराबाहेर चपला राखत बसला असता.

गंभीरपणे सांगायचं तर आमची बाजू अशी : स्वागत आणि संस्कार या दोन गोष्टी आहेत. लग्नाच्या मांडवात सगळं गाव जेवतं, म्हणून सगळं गाव बोहल्यावर चढत नाही. कम्युनियन हे आमच्यासाठी जेवण नाही, बांधिलकी आहे. २०२३च्या ऑगस्टमध्ये लिस्बनला पोप फ्रान्सिस लाखो तरुणांसमोर म्हणाले, चर्चमध्ये सगळ्यांना जागा आहे, आणि पोरांकडून म्हणवून घेतलं : तोदोस, तोदोस, तोदोस. सगळे, सगळे, सगळे. परतताना विमानात पत्रकाराने माळरानांचाच प्रश्न विचारला : सगळे म्हणता, मग काहींना सगळे संस्कार का मिळत नाहीत? त्यावर त्यांचं म्हणणं असं की दार सगळ्यांना उघडं आहे, आत राहण्याचे मात्र नियम आहेत.

मला हे उत्तर पटतं. नव्वद टक्के.

शंकासुर

उरलेल्या दहा टक्क्यांवर चर्चा करू या. जिमखान्याचं माझं उदाहरण पोपनी चोरलंय, हे नोंदवून ठेवतो.

माझा मुद्दा त्याहून खोल आहे. सगळ्यांना पाठ असलेलं वचन घ्या : 'देवाने जगावर एवढी प्रीती केली...' पुढे काय? 'जो कोणी त्याच्यावर विश्वास ठेवतो त्याचा नाश होऊ नये.' म्हणजे प्रीती जगावर, पण सुटका विश्वास ठेवणाऱ्याची. मग माझी आजी, जिने आयुष्यभर तुळशीला पाणी घातलं आणि येशूचं नाव एकदाही ऐकलं नाही, तिचं काय? भाकरीचा तुकडा सोडा हो. नरकाचं बोला.

जुनी_पेटी

हा प्रश्न फार जुना आहे, आणि ख्रिस्ती लोक त्यावर आपापसांतच भांडत आलेत. लांबण लागेल, माफी असावी.

तिसऱ्या शतकात अलेक्झांड्रियात ओरिजेन नावाचा प्रचंड विद्वान होऊन गेला. त्याच्या लिखाणात अशी आशा दिसते की देव शेवटी सगळ्यांना परत आपल्यापाशी आणील. शिक्षा असेलच तर ती सोनं तावून काढणाऱ्या आगीसारखी. चौथ्या शतकात निसाचा ग्रेगरी साधारण तेच म्हणतो, आणि तो तर संत मानला जातो. ओरिजेनच्या नशिबी मात्र मरणोत्तर निषेध आला, सहाव्या शतकात. त्याच तिसऱ्या शतकात कार्थेजचा बिशप सिप्रियन म्हणून गेला की चर्चबाहेर तारण नाही. पुढची हजारभर वर्षं सिप्रियनची चलती.

आता या वाक्याची विसाव्या शतकातली गत पाहा. बॉस्टनमध्ये लेनर्ड फीनी नावाचे जेझुइट धर्मगुरू होते. ते सिप्रियनचं वाक्य अक्षरशः घ्यायचे : कॅथलिक नाही तो गेलाच. रोमने कळवलं, बाबा रे, इतकं ताणू नकोस. ऐकेनात. रोमला बोलावलं तर जाईनात. शेवटी १९५३मध्ये आज्ञाभंगासाठी त्यांनाच बहिष्कृत केलं. चर्चबाहेर तारण नाही म्हणणारा माणूस चर्चबाहेर! (१९७२मध्ये समेट झाला.)

शंकासुर, तुमच्या आजीबद्दल दुसऱ्या व्हॅटिकन परिषदेने १९६४मध्ये लिहून ठेवलंय. ज्यांना स्वतःचा दोष नसताना ख्रिस्ताची सुवार्ता ठाऊक झाली नाही, पण जे मनापासून देवाचा शोध घेतात आणि आपल्या सदसद्विवेकाला जागतात, तेही तारणापर्यंत पोचू शकतात. अर्थात हे कॅथलिकांचं झालं. प्रोटेस्टंटांत ज्याचं त्याचं वेगळं.

पण धाग्याचा मूळ प्रश्न पंगतीचा आहे, आणि त्याचं एक उत्तर आपल्या मातीत देऊन झालंय. रेव्हरंड नारायण वामन टिळक. कोकणस्थ ब्राह्मण, कवी, १८९५मध्ये मुंबईत बाप्तिस्मा. तुकारामांच्या पुलावरून आपण ख्रिस्तापर्यंत आलो, असं ते म्हणत. बावीस वर्षं मिशनच्या चौकटीत राहून शेवटी, १९१७मध्ये, त्यांनी अमेरिकन मिशनचं काम सोडलं आणि साताऱ्याला 'देवाचा दरबार' काढला. त्याची कल्पना काय, तर ख्रिस्ताच्या शिष्यांचा बंधुसंघ, बाप्तिस्मा घेतलेल्यांचाही आणि न घेतलेल्यांचाही. हे शब्द त्या काळी मिशनऱ्यांच्या कानाला कसे लागले असतील याचा विचार करा. पाणी डोक्यावर पडलंय की नाही, यावर ज्यांच्या वह्या चालत, त्यांना हा माणूस सांगतोय की रांग एकच. दोन वर्षांत, १९१९मध्ये, टिळक गेले आणि दरबार पुढे फार चालला नाही. पण प्रश्न त्यांनी बरोबर जागी आणून ठेवला होता.

आणि त्यांच्या पत्नी लक्ष्मीबाई तर त्यांच्याही पुढे. त्यांचा बाप्तिस्मा १९००चा, पण सोवळं त्याआधीच सुटलं होतं. जात देवाने केली की माणसाने, असा विचार करत बसल्या, माणसाने केली असं उत्तर मिळालं, आणि मग कोणाच्याही हातचं खायला-प्यायला लागल्या. आधी पंगत, मग बाप्तिस्मा. चर्चचा क्रम नेमका उलटा.

जाईची_वेल

जुनी_पेटी, शेवटचा परिच्छेद फार आवडला.

त्यात पंडिता रमाबाईंची भर घालते. १८८९मध्ये शारदा सदन काढलं तेव्हा ब्राह्मण विधवांना आपलं सोवळं-ओवळं पाळायची मुभा होती. १८९६-९७च्या दुष्काळानंतर केडगावला शेकड्यांनी मुली आल्या, सगळ्या जातींच्या, आणि तिथलं चित्र बदललं. ज्यांना समाज 'पतित' म्हणायचा त्या बायकांसाठी तिथे कृपासदन होतं. आंधळ्या मुलींसाठी सोय होती. मेजवानीच्या दाखल्यातली यादी आठवा : गरीब, लंगडे, आंधळे. रमाबाईंनी तो दाखला दुष्काळाच्या रस्त्यावरून गोळा केला होता.

उंबरठा

चांगलं चाललंय, म्हणून थोडा खडा टाकतो.

आमच्या भावकीत दोन घरं ख्रिस्ती आहेत, बाकी आम्ही ५६नंतरचे बौद्ध. तेव्हा दोन्हीकडचं पाहिलंय. 'देव पक्षपाती नाही' असं येशूचा शिष्य पेत्र म्हणतो, ठीक. मग गोव्यात कित्येक गावांतल्या कोंफ्रारिया (चर्चमधली सेवामंडळं) जातीवर का ठरायच्या? फेस्ताचा, म्हणजे चर्चच्या सणाचा, मान ठरावीक घरांनाच का? केळीचं_पान, तुमच्या वसईत कुपारी पोराचं लग्न कोळी पोरीशी किती सहज होतं, सांगा बरं.

दुसरीकडे सरकारही चर्चचं म्हणणं शब्दशः धरून बसलंय. १९५०च्या अनुसूचित जातींच्या आदेशात आधी फक्त हिंदू, १९५६मध्ये शीख, १९९०मध्ये बौद्ध. ख्रिस्ती अजून नाहीत. तुमच्यात जात नाही ना, मग सवलत कशाला? चुलत भावाला जात मात्र भाड्याचं घर शोधताना रोज भेटते.

केळीचं_पान

@उंबरठा, सहज होत नाही. होतात, पण सहज नाही. पोर्तुगीज १७३९मध्ये गेले, आम्ही इथेच राहिलो, आणि बाप्तिस्म्याच्या पाण्यात जे विरघळायला हवं होतं ते तसंच तळाशी राहिलं. माझ्या मावसबहिणीच्या लग्नात हे मी डोळ्यांनी पाहिलंय. उरलेले दहा टक्के म्हणालो ना, ते हेच.

संपादक मंडळ

आरक्षणाचा मुद्दा विषयाशी जोडलेला आहे तोवर चालेल. स्वतंत्र चर्चेसाठी वेगळा धागा काढावा. धर्मांतरावरचे दोन प्रतिसाद उडवले आहेत.

मेपल_आणि_मोगरा

टोरोंटोहून. इथे आमच्या गल्लीत युनायटेड चर्च ऑफ कॅनडाचं एक चर्च आहे. बाहेर फलक : सर्वांचं स्वागत, आणि इंद्रधनुष्याचे रंग. या चर्चने १९८८मध्येच ठरवलं की समलिंगी असणं हा पाळक होण्यात अडसर नाही. त्या निर्णयावरून पुष्कळ लोक सोडूनही गेले. मी हिंदू, मुलीच्या गाण्याच्या वर्गामुळे तिथे जाणं होतं. एकदा प्रभुभोजन चाललं होतं, बाईंनी भाकरीची टोपली सरळ माझ्यापुढे केली. म्हणाल्या, मेज आमचं नाही, त्याचं आहे.

घेतली. पण खरं सांगू? इतक्या पटकन मिळाल्यावर आपण काय घेतलं ते कळलंच नाही. केळीचं_पान म्हणतात ती बांधिलकी मला तेव्हा आठवली असती तर बरं झालं असतं. दारं सताड उघडी ठेवली की आतल्या माणसाचं काम वाढतं, समजावून सांगायचं.

शंकासुर

मेपल यांचा प्रतिसाद वाचून माझाच गोंधळ उडालाय. मी बंद दाराविरुद्ध भांडत होतो, आता उघड्या दाराविरुद्ध भांडू का?

जुनी_पेटी

शंकासुर, तुमच्यासारखाच गोंधळ पेत्राचा झाला होता, म्हणून उदास होऊ नका. :)

प्रेषितांची कृत्ये, १०वा अध्याय. पेत्र यापो गावात धाब्यावर प्रार्थनेला गेलाय, भूक लागलीय, खाली स्वयंपाक चाललाय. त्याला दृष्टांत होतो : आकाशातून चादरीसारखं काही उतरतं, त्यात यहुद्यांना निषिद्ध असलेले प्राणीही, आणि आवाज येतो, मार आणि खा. तो म्हणतो, छे छे, मी कधी विटाळलो नाही. तीनदा हेच. मग कर्नेल्य नावाच्या रोमी शताधिपतीकडून बोलावणं येतं आणि पेत्राला उलगडतं की प्रश्न प्राण्यांचा नव्हताच. तो त्या परक्या घरात शिरतो.

पण पुढचं कोणी सांगत नाही. गलतीकरांच्या पत्रात पौल लिहितो की अंत्युखियात हाच पेत्र परराष्ट्रीयांबरोबर, म्हणजे यहुदी नसलेल्यांबरोबर, जेवत होता, आणि यरुशलेमेहून सोवळे पाहुणे आल्याबरोबर हळूच पंगतीतून बाजूला झाला. पौलाने सगळ्यांदेखत त्याला सुनावलं. चर्चमधलं नोंदलेलं अगदी सुरुवातीचं भांडण हे, आणि ते कशावरून, तर कोण कोणाबरोबर जेवतो. ज्याला खुद्द आकाशातून चादर दाखवली तोसुद्धा पाहुण्यांना भ्यायला. आपल्या गावची मंडळी चुकली तर नवल काय?

जाईची_वेल

आणि शेवटच्या भोजनात यहूदा इस्कर्योत होता की हो! लूकमध्ये तर भाकर मोडून, प्याला देऊन झाल्यावर येशू म्हणतो, मला धरून देणाऱ्याचा हात माझ्याबरोबर मेजावर आहे. त्याला कोणी उठवलं नाही. बाकीच्यांतला एक पहाटेपर्यंत तीनदा ओळख नाकारणार होता, उरलेले पळून जाणार होते. अयोग्य प्रकारे खाणाऱ्यांची ती सगळ्यांत मोठी पंगत.

चर्चला जोडता येत नाही असं नाही. १९७०च्या नोव्हेंबरात नागपूरला सहा वेगवेगळी चर्चं मिळून चर्च ऑफ नॉर्थ इंडिया झालं. त्याआधी त्यांचे बाप्तिस्मे वेगळे, कोणी तान्ह्या बाळांना देणार तर कोणी फक्त मोठ्यांना. तरीही मेज एक केलं. एका मोठ्या मेथडिस्ट चर्चने मात्र ऐन वेळी अंग काढून घेतलं. बैल पारखायचे असतील.

दोन_पैसे

बैल पारखायचे असतील =))

माळरान

सगळ्यांचे मनापासून आभार. एवढं वाचल्यावर मलाच मेजवानी झाली.

काल मित्राला फोन केला. आजीशी बोललो. धाग्याबद्दल सांगितलं नाही, कंप्युटरवर तिच्याबद्दल लिहिलंय हे तिला आवडलं नसतं. एवढंच विचारलं, "त्या दिवशी माझ्याजवळ का येऊन बसलात?"

म्हणाली, "मग काय, तू एकटा बसायचास?"

मी म्हटलं, पुन्हा यायचंय. तर म्हणाली, "पयल्या रविवारी नको येऊ. दुसऱ्या रविवारी ये. त्या दिवशी भाकर नसती, मंग कुणाला मागं बसाया लागत नाय. पाळकसाहेबाला म्या सांगितलंय, तू येनार म्हनून."

नंतर थांबून म्हणाली, "आन येताना डबा आन. दर येळी आमीच वाढायचं व्हय?"

शंकासुर

डब्यात काय नेणार?

माळरान

पुरणपोळ्या. बायकोने अंगावर घेतलंय. आजींनी बजावून ठेवलंय, बैलांची कारणं सांगायची नाहीत.